मागवा

उद्यमनगरात आमचं ऑफिस लेथच्या डोक्यावर.
खाली लोखंड घासलं की वर चहात वलयं उठतात,
आणि कूलंटचा वास जिना चढून
माझ्या खुर्चीपर्यंत रोज वेळेवर येतो.
सहा वर्षं मी इथं एकच काम करते:
बटण दाबायचं, झालं का बघायचं, वहीत लिहायचं.
शाहूपुरीतल्या गुळाच्या पेढीची वेबसाइट.
नाव भरा, पत्ता भरा, रवा निवडा, मागवा.
दिवसाला चाळीस वेळा मी गूळ मागवलाय
आणि एक खडा तोंडात पडलेला नाही.

सोमवारी इंद्रजित म्हणाला, “आता तुझ्या हाताला सुट्टी.”
कोड लिहिणारा सहायक एका बाजूला,
ब्राउझर चालवणारं अवजार दुसऱ्या बाजूला,
मधे एक फाईल, अकरा ओळींची.
एक स्वल्पविराम चुकला, तर अर्धा तास
दोघंही सोयरीक फिसकटल्यासारखे गप्प.
मग जुळलं.
खिडकी आपली आपण उघडली,
रकान्यात अक्षरं उमटत गेली.
मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.
तिथं काय करावं हे त्याला कळेना.

नाव भरलं. पत्ता भरला. रवा निवडला.
थांबला.
“‘मागवा’ नावाचं बटण या पानावर नाही.”
नाही कसं? मी स्क्रीनवर बोट टेकवलं.
हे काय, पिवळंधमक, ढेपेच्या आकाराचं,
रोज दाबते मी!
पण त्याला पिवळं दिसत नव्हतं, ढेप दिसत नव्हती.
तो पान बघतच नव्हता,
पानाकडून नावं विचारून घेत होता,
हा रकाना कशाचा, हे बटण कशाचं,
आणि चित्रामागं नाव नसेल
तर तिथं त्याच्यापुरती भिंत.

“त्यात काय,” इंद्रजित म्हणाला,
“वरून इतकं, डावीकडून इतकं, माप दे आणि दाबायला सांग.
पाच मिनिटांत हिरवं.”
मी मापं घ्यायलाही लागले.
मग वही उघडली, मापं लिहायला जागा शोधत,
तर मागच्या मार्चचं पान:
“भूपाल मगदूम, फोन. डोळ्यांनी दिसत नाही.
मोबाईल पान वाचून दाखवतो,
शेवटी नुसतं ‘बटण’ म्हणतो.”
पुढं माझ्याच अक्षरात, “नंतर.”

साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर तीस वर्षं,
बोटांनी भोकं चाचपून पिना खोवायच्या,
शेतकी ऑफिसला वजनकाट्याशी जोडायचं,
वजनकाट्याला संचालकांच्या घराशी,
एकदाही चुकीच्या घरी घंटी वाजली नाही.
हे त्यांनी तक्रारीच्या आधी सांगितलं होतं
आणि मी म्हटलं होतं, “दुसरा फोन वाजतोय, ठेवते.”
दुसरा फोन वाजत नव्हता.

मापं खोडली. सहायकाला लिहिलं,
दाबू नको. आधी त्याला नाव दे.
त्यानं एक ओळ बदलली. एकच.
पुन्हा खिडकी. नाव, पत्ता, रवा, मागवा.
हिरवं.
खाली लेथ थांबली होती, डबे उघडल्याचा आवाज येत होता.

मगदूमांना फोन लावला.
“कोण? हां, त्या दिवशीची व्हय. बघतो की.”
माफी मागायचं मनात जुळवत होते,
तोवर त्यांनी ठेवलासुद्धा.

संध्याकाळी ऑर्डरींची यादी साफ करायची होती.
चाचणी एक, चाचणी दोन, अशा त्रेपन्न.
सहायकानं विचारलं, सगळ्या एकदम पुसू का?
नको म्हटलं, हातानं पुसते.
एकेक ओळ वाचत खाली आले.
चाचणी सदतीसच्या खाली होती ती:
मगदूम, भूपाल. रवा एक, पाच किलो.
आणि सूचनेच्या रकान्यात,
जो आजवर कुणीच भरला नव्हता,
“रंग कसाही चालेल.
वास बघून पाठवा.”