काटा हिरव्यात

एरंडवण्यातल्या त्या संस्थेत अकरा हजार रुमाल आहेत.
मोडीतले हिशेब, वतनाचे तंटे,
कुणी कुणाची म्हैस नेली त्याच्या कैफियती.
पाणी मारलं तर शाईच वाहून जाईल,
म्हणून वायू.
म्हणून मी, हातात टेप, एप्रिलात, भर दुपारी दोनला.

सोळा सिलिंडर. एकेक एकशेवीस किलोचा.
तीनशे बार दाबाखाली गप्प बसवलेली हवा,
आपण रोज घेतो तीच, प्राणवायू वगळून.
ठेवायचे कुठे?

राजवाडे म्हणाले, जिन्याखाली आहे की जागा.
जिन्याखाली सायकली होत्या, गणपतीचं मखर,
एक मेलेला इन्व्हर्टर.
म्हटलं, ही पळायची वाट आहे.
मग म्हणाले, गच्ची.
गच्चीवर पत्र्याखाली थर्मामीटर सत्तावन्नला थांबला.
मी काही बोलले नाही, फक्त त्यांना दाखवला.
तळघर मीच खोडलं.
गळालं तर तिथून ते बाहेर जाणार कसं?

हे काम मी शब्बीर आत्तारांकडे शिकले.
टोपी चढवल्याशिवाय ते सिलिंडर वीतभरही हलवू देत नसत.
आधी साखळी, मग टोपी काढायची.
उलटं केलंस तर देव माफ करेल, व्हॉल्व्ह नाही करणार.
भोसरीत एकदा एक आडवा पडला,
मान मोडली,
दोन भिंती फोडून तिसरीत जाऊन रुतला.
ही गोष्ट सांगताना
आत्तारांचा डावा हात खिशात असायचा.

शेवटी मागची खोली सापडली.
तोंड पूर्वेला, भिंत विटेची, जाड, फरशी कोरडी,
दार बाहेर उघडणारं,
दप्तरखान्याला लागून, पण त्याच्या आत नाही.
भर उन्हात एकतीस अंश.
नकाशावर तिचं नाव 'अडगळ'.

आत एक खाट होती.
खुंटीला खाकी शर्ट, कोनाड्यात डबा,
कॅलेंडरवर दुधाच्या खुणा.
सोपान धायगुडे, रात्रपाळी, गाव लोणंद,
एकोणीस वर्षं.

मी तीन दिवस यंत्र घेऊन जे शोधत होते
ते त्यांच्या पाठीला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं.

खाट राहू द्या की कोपऱ्यात, ते म्हणाले,
मी काय हात लावतोय त्यांना?
मी खाली बसून सांगत राहिले:
त्याला वास नाही, रंग नाही,
एखादा जोड सैल झाला तर खोकलासुद्धा येणार नाही.
आग ज्यावर जगते त्यावरच आपण जगतो, काका.
तिला मारायला आणलेलं
तुम्हाला वेगळं काढणार नाही.
ते बराच वेळ नवार ओढत राहिले.
मग म्हणाले, कुत्रं बरं म्हणायचं.
ते निदान घरच्याला ओळखतं.

त्या रात्री मी रॅक काढले, साखळ्या काढल्या,
हवेला खालून जाळी,
प्राणवायूचा भोंगा दाराबाहेर,
वजन करायला पुढे तीन फूट मोकळं.
आणि कुंपणाशी, कुणी सांगितलं नसताना,
सात बाय आठची केबिन. खिडकी पूर्वेला.

हे आपल्या कामात येत नाही, राजवाडे म्हणाले.
मग सोळा काटे रोज कोण वाचणार? मी म्हटलं.
खोटं नव्हतं ते.
अगदी खरंही नव्हतं.

जानेवारीत पहाटे सव्वापाचला फोन.
म्याडम, थंडीनं पंधरा काटे जरा उतरलेत,
सगळे सारखेच, हिरव्यात आहेत.
सहा नंबरचा मात्र बाहेर पडलाय.
आत गेलात?
छे. काचेतून पाहिलं, बॅटरी मारून.
भोंगा?
गप्प आहे अजून.

मी अंधारात स्वेटर चाचपत होते.
सावकाश या, ते म्हणाले,
दारापासून दहा पावलांवर
खाट आडवी टाकून बसलोय.
कुणाला जाऊ देत नाही.