पुढचं बाक

ताइस्तो गेल्यापासून
कनूच्या नाळेशी मी दगड ठेवते.
सात. काठावर हाताला येतील ते.
नाहीतर नाळ उचलते
आणि साइमा सरोवराचा वारा
गोल गोल फिरवत बसतो मला.

ताइस्तो भरायचा ब्याऐंशी किलो.
दगड तेवढे नाहीत.
पण ते वल्हं चुकवत नाहीत
आणि दर वळणाला "इर्या, अजून किती?"
असं विचारत नाहीत.

रात्री बेटावर तंबू ठोकला
की त्यांचीच चूल मांडते.
मासा भाजते, कॉफी उकळते.
सकाळी काजळी धरलेले, कोमट,
परत बाकाखाली.

काल खडकावर एक पोरगा दिसला.
फुटकी कयाक,
पोटाशी भिजलेली स्लीपिंग बॅग.
नाव वेती. दात वाजत होते.

दगड एकेक करून पाण्यात सोडले.
सातवा जरा धरून ठेवला.
उन्हानं की चुलीनं कोण जाणे,
अजून ऊब होती त्याला.

वेती पुढं बसला. कनू सरळ झाली.
अर्धा मैल नाही झाला,
तोच मान वळवून म्हणतो,
"अजून किती?"

माझं वल्हं हवेतच राहिलं.
मग म्हटलं,
"डावीकडं मार. डावीकडं."