दहा नंबरचा नट

विक्रोळी पार्कसाइटच्या उतारावर माझं गॅरेज.
बंद पडलेली गाडी ढकलावी लागत नाही,
गिऱ्हाईक नुसतं बसून राहतं, ती येते.

फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे.
भंगारात निघालेल्या गाडीवरून जे सोडवतो
ते त्यात.
लिंबू-मिरची नाही, ती कुजते.
पण काळी बाहुली,
हाजीमलंगचा हिरवा धागा,
मोतमाउलीच्या जत्रेतली मेणाची इवलीशी स्कूटर,
लडाखच्या पताका, ज्या खोपोलीपुढे कधी गेल्या नाहीत,
आणि बाळाचा एकच बूट.
दुसऱ्याचा मी विचार करत नाही.

फेकवत नाही.
श्रद्धा वगैरे नाही हो,
बांधणाऱ्याने गाठ अशी मारलेली असते
की सोडवताना नखं दुखतात, एवढंच.

कलिन्याचा गिल्रॉय परेरा
बुलेटच्या पोटाशी, पार खाली, पितळी घंटी बांधतो.
रस्त्यावरची भुतं म्हणे तिच्या आवाजात अडकतात
आणि गरगरून खड्ड्यात पडतात.
म्हटलं, मग एव्हाना खड्डे भरायला हवे होते.
खूप हसला.
पुसता पुसता म्हणाला, नियम एकच आहे, अंकल:
स्वतः विकत घेतलेली नुसती वाजते,
दुसऱ्याने दिलेली राखते.

दिवाळीनंतर एक पोरगा आला. सुयोग खरात.
तिसऱ्या हाताची गाडी, पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी,
पेटीवरचं प्लास्टिक अजून न काढलेलं.
"काका, काही बांधायला आहे का?"
नावातच सुयोग आहे लेका, आणखी काय लटकवतोस?
तो हसला नाही.

डब्याचं झाकण अर्धं उघडलं आणि थांबलो.
यातलं एकेक कुठल्या हँडलवरून आलंय
मला पाठ आहे.
हे राखून राखून संपलेलं,
की राखूच न शकलेलं?

झाकण लावलं.
खालच्या खणातून दहा नंबरचा एक नट उचलला,
काळ्या दोऱ्यात ओवला
आणि तोंडाला येईल ते बोललो:
ऐंशी हजार किलोमीटर पळालेल्या गाडीचा आहे हा.
एकदाही आडवी झाली नाही.
फक्त, ब्रेकचे लायनर नवे असतील तरच लागू पडतो.

लायनर बदलले. पैसे नंतर दे म्हटलं.

त्यानंतर पोरं यायला लागली,
दोन दोन, तीन तीन, पेट्या पाठीवर,
"तो ऐंशी हजारवाला."
कुर्ल्याहून नट किलोने आणतो आता.
लायनर, चेन, मागचा टायर बघितल्याशिवाय
एकालाही देत नाही.
हायवेच्या सिग्नलला शनिवारी लिंबू-मिरची विकणारी शेवंता
माझ्याशी बोलत नाही.

परवा सुयोग आला. चालत.
गाडी विकली म्हणाला, भिवंडीत गोदामात लागलो,
बसून काम आहे.
कोपरावर जुना पांढरा डाग.
"घाटकोपरच्या पुलावर घसरलो होतो, काका. खरचटलं नुसतं.
मागून कंटेनर होता."
खिशातून नट काढला.
दोरा नवा घातला होता, पुसलाही होता बहुतेक.
"आता तुम्ही बांधा."

खरं सांगायला मी तोंड उघडलं.
त्याचा हात तसाच पुढे होता.

माझी गाडी सतरा वर्षांची.
तिच्यावर कधी काही नव्हतं,
नंबरची बेरीजसुद्धा धड येत नाही.
दसऱ्याला चाकाखाली लिंबू तेवढं, तेही बायको ठेवते.
आता उतारावरच्या स्पीडब्रेकरला
नट टाकीवर आपटतो,
टिक.

मेकॅनिक माणूस मी.
गाडीत कुठे काही वाजलं
तर झोप लागत नाही मला.
रोज म्हणतो,
उद्या गाठ जरा वर घेऊ.