दृश्यमानता

बेगिमाय सातवीत आहे, इथे नारिनच्या शाळेत.
बाईंनी सांगितलंय, वाचनाची वही ठेवा.
चार रकाने: लेखक, पुस्तकाचं नाव,
मुख्य पात्रं, मुख्य विचार.
पहिले तीन तिने मलपृष्ठावरून उतरवले.
चौथ्यापाशी पेन्सिल चावत बसली,
हिरव्या रंगाचा पापुद्रा ओठाला लागेपर्यंत.

"ताइके, मुख्य विचार कुठे असतो? शेवटी?"

मला विचारते, मला!
आईचा मामा मी, पुस्तकी माणूस नव्हे.
एकतीस वर्षं खिंडीतल्या हवामान केंद्रावर
दर तीन तासांनी, रात्री कंदील घेऊन,
वारा लिहिला, तापमान लिहिलं,
ढग किती दशांश, बर्फ किती बोटं.
आभाळाचा मुख्य विचार काय,
हे वरच्या कचेरीने मला कधी विचारलं नाही.

ट्रंकेतून जुनं रजिस्टर काढलं.
मागे कोरी पानं होती, आखलेली.
म्हटलं, तारीख लिही. वेळ लिही.
कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत.
मग हा रकाना, दृश्यमानता.
"म्हणजे?"
म्हणजे किती लांबचं दिसलं.
पलीकडचा डोंगर, की नुसती आपलीच बोटं.

ती हसली. मला वाटलं, झालं काम.
मी चहा टाकला.

आठवड्याने पाहिलं.
सोमवार, पान १ ते ९६, दृश्यमानता उत्तम.
मंगळवार, ९७ ते १८०, उत्तम.
बुधवारी उत्तम. गुरुवारी उत्तम.
इतकं निरभ्र या जिल्ह्यात
माझ्या उभ्या जन्मात कधी झालं नाही.

रागावणार होतो.
पण रजिस्टर माझंच होतं, आणि मला ठाऊक होतं
त्यात पुढे कुठलं पान आहे.

शहाऐंशीचा फेब्रुवारी. बाहेर वादळ.
दार उघडेना, असं मी सगळ्यांना सांगत आलो.
खरं म्हणजे मी उघडलंच नाही.
पांघरुणात बसून पहाटे तीनचं तापमान लिहिलं:
उणे एकोणतीस. अक्षर सुबक.
कुणाला कळलं नाही.
तो आकडा अजून कुठल्याशा सरासरीत बसलाय
खऱ्या आकड्यांच्या मांडीला मांडी लावून.

त्या आकड्यावर बोट ठेवून तिला दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"मग खरं किती होतं?"
माहीत नाही. तेच तर.

तिने खोडरबर घेतलं. मी हात धरला.
रजिस्टरात खोडत नाहीत. एक रेघ मारतात,
खालचं वाचता आलं पाहिजे.

आता वहीत असं आहे:

सोमवार. पान १ ते ११. धुकं.
घोडा कुणाचा ते कळलं नाही. परत वाचलं. तरी धुकं.

मंगळवार. नाही वाचलं. धाकट्याचा कान दुखत होता.

बुधवार. १२ ते १४. फक्त तीन पानं.
बाप पत्र न उघडताच चुलीत टाकतो.
मी पुस्तक पलंगाखाली ढकललं.
दृश्यमानता: खूप लांबपर्यंत.

तिचा बाप येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतो.
मी चष्मा पुसला. काही बोललो नाही.
अशा वेळी निरीक्षकाने बोलू नये.

शुक्रवार. पलंगाखालून काढलं. धूळ झटकली.
१४ परत. मग १५.

बाईंनी लाल शाईत विचारलंय: मुख्य विचार?
खाली तिचं उत्तर: निरीक्षण चालू आहे.

काल पहाटे तीनला जाग आली, जुन्या सवयीने.
कोट चढवला, दार उघडलं,
खिडकीच्या चौकटीवरच्या तापमापकाशी टॉर्च धरला.
उणे सतरा.
खिशात चाचपलं, पेन्सिल नव्हती.
तिच्याकडे असणार, चावलेली.
आकडा तोंडात धरून घरात आलो.