पडायच्या आधी

नव्वद दिवस असतात.
बिलाच्या तारखेपासून, डबा उघडल्यापासून नाही,
हे मी दिवसातून सहा वेळा सांगते
धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या आमच्या काउंटरवरून,
जिथे पंखा फक्त प्रिंटरला वारा घालतो.

आज, सत्त्याऐंशीव्या दिवशी,
उखर्डू सुकदेव पाटील आले, कापडण्याहून.
लॅपटॉप टॉवेलात, टॉवेल पिशवीत,
पिशवी छातीशी.
पोरगी सोमवारी नाशिकला निघते.
होस्टेल, तिसरा मजला, वरचा पलंग.
"माले ते पडानं कार्ड पाहिजे," म्हणाले.

पडायचं कार्ड.
कंपनीने त्याला दीड ओळीचं नाव दिलंय.

मी सांगितलं, वाढीव वॉरंटी आहे तुमची,
पण ती आतल्या बिघाडाची.
मदरबोर्ड आपल्या मरणाने मेला तर कंपनी येते.
हातातून सुटला, चहा सांडला,
झोपेत कुणाची लाथ बसली,
तर येत नाही.
त्यासाठी वरचा हप्ता. आणि तो भरायचा
तर मूळ वॉरंटी जिवंत हवी,
मालक बिलावरचाच हवा,
आणि मशीनला अजून काही झालेलं नसावं.

"काही व्हयेल नही," ते म्हणाले.
जरा घाईने.

मी तो पालथा केला.
उजव्या कोपऱ्याला पोचा,
दादरच्या दाण्याएवढा.

फॉर्मवर विचारतात: पूर्वी अपघाती नुकसान? होय. नाही.
तिसरी चौकट नसते.

बिल बघितलं, आधार बघितलं.
नावावर माझी नजर जास्त रेंगाळली असणार,
कारण त्यांनी आपणहून सांगितलं:
तीन भाऊ गेले माझ्याआधी,
एक पाचवीच्या रात्री, एक बाराव्याला,
एक तर रडलाही नाही.
म्हणून मला आईने नाळ कापताच
उकिरड्यावर ठेवलं.
शेजारणीने उचललं. मग आईने तिच्याकडून
पायलीभर दादर मोजून विकत घेतलं.
"टाकेल वस्तूले कोन हात लावस?"
हसले. चोपन्न वर्षं झाली.

मी खाली मान घालून हिशेब करत होते:
मालकीण मूळचीच.
अर्ज मुदतीत, पहिल्याच तासात.
हप्ता एकरकमी, धान्यात.
पूर्वीचं नुकसान: तीन.
तरीही कुणीतरी मंजूर केलं.

मुलीचं नाव मोहिनी.
तेवढं धाडस तोवर घरात आलं होतं.

"आणि हा पोचा?"
ते टॉवेलाची घडी घालू लागले.
मग म्हणाले, हिच्या आईने केला.
नवी वस्तू इतकी चकचकीत, परगावी जाणार,
चार जणींच्या खोलीत,
तिने उलथन्याचं टोक घेतलं
आणि हळूच एक टोला.
एकच. मी धरून होतो.

आता मुद्दाम केलेलं नुकसान
आमच्या कुठल्याच कार्डात बसत नाही.
पण अपघात तर तो नव्हता.
मी चौकटीकडे बघत बसले. मागे दोघे थांबलेले,
एकाच्या चार्जरला उंदरांनी कुरतडलेलं,
तेही बसत नाही.

"नाही"वर खूण केली.
चार बाजूंनी चार फोटो लागतात.
चौथा मी जरा उजेडाकडे तोंड करून काढला,
माझ्याच फोनवर, ज्याची काच
दिवाळीपासून तडकलेली आहे,
वर चिकटपट्टी.
त्याचे नव्वद दिवस कधी संपले
माझ्या लक्षातही आलं नाही.

स्क्रीनवर आलं: प्रलंबित.
कामाचे तीन दिवस. मध्ये रविवार.

"तवलोंग?" त्यांनी विचारलं.
तोवर पडू देऊ नका, म्हटलं,
आणि पडलाच तर
आधी तारीख बघा.

त्यांनी परत टॉवेलात गुंडाळला,
पोच्याची बाजू बाहेर ठेवून,
दिसेल अशी,
आणि पायरी उतरताना पायाने आधी चाचपली.
आमची तिसरी पायरी हलते.
मालकाला मी दोनदा सांगितलंय.