पान सातवं

निवेदन मी तीनदा लिहिलं.
पहिल्यात राग फार होता,
दुसऱ्यात नम्र विनंती फार.
तिसरं कुमासीच्या लाकूडपेठेत वाचून दाखवलं,
करवती बंद ठेवून.
एरवी त्या कुणी गेलं तरच थांबतात.

‘आयात बंद करा’ असंच लिही, यॉ डॅबो म्हणाला.
मागून कुणीतरी विचारलं,
आणि बिजागऱ्या रे तुझ्या? त्या कुठल्या?
यॉनं खिशातली बिजागरी काढली,
तिच्यावरचा परमुलखाचा शिक्का
अंगठ्यानं पुसत बसला.
ते कलम मी खोडलं.

उरलं ते एवढं:
शाळांची बाकं आमच्याकडून घ्या.
सगळी नकोत, तिसरा हिस्सा.
ओडुमचा ओंडका बंदराकडे निघण्याआधी
आमच्या पटाशीला त्याची एकदा भेट होऊ द्या.
आणि लाकूड वाळवायची भट्टी, एकच,
साडेतीनशे जणांत मिळून.

भट्टीचे आकडे पान सातवर.
सहारातून कोरडा वारा सुटला की
ओल्या लाकडाचा सांधा रात्रीत उकलतो.
गिऱ्हाईक शिव्या सुताराला घालतं,
वाऱ्याला कोण घालणार.

सरकारी काम, सहा महिने थांब.
आम्ही अकरा थांबलो.
मग पहाटेच्या बसनं आक्रा, तिघं जण.
अध्यक्ष अचाम्पाँकाका कडक इस्त्रीच्या सदऱ्यात,
नखांत मात्र पॉलिश तसंच.

मंत्रालयात नववा मजला.
बसायला लोखंडी खुर्च्या, ओळीनं जोडलेल्या,
एक उठला की बाकीचे हलतात.
यॉनं खालून हात फिरवला
आणि मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी.

उपसंचालक क्वेईबाई चांगल्या होत्या.
पाणी विचारलं. चष्मा पुसला.
लिहायला लागल्या तर टेबल डुगडुगलं,
पेन घसरलं, ‘उद्योग’मधला उकार
पार खालच्या ओळीत गेला.
त्यांना सवय असावी. त्यांनी दुसऱ्या हातानं
टेबल दाबून धरलं आणि धोरणाबद्दल बोलत राहिल्या:
समिती, उपसमिती,
वित्त खात्याचा अभिप्राय.

काका ऐकत नव्हते. ते पायाकडे बघत होते.
आणि मग एकदम गुडघ्यांवर आले.

माझ्या पोटात गोळा आला.
अकरा महिने ताठ राहिलेला माणूस
आता हात जोडणार, वाटलं.
पण त्यांनी टेबलाच्या पायावर टिचकी मारली, कान लावला,
आणि वर न बघता माझ्यापुढे तळवा धरला:
कागद.

मी फायलीतून हाताला आला तो दिला.
त्यांनी घडी घातली, मग घडीची घडी,
पायाखाली सारली. उठले. गुडघे झटकले.
टेबल गप्प.
बाईंनी त्यावर कोपर टेकून पाहिलं, हळूच,
मग सगळा भार दिला.

“हं. भट्टीचे आकडे कुठे आहेत?”

मी फाईल चाळली. सहा. आठ.
पुन्हा सहा. आठ.
यॉला आधी कळलं. तो खिडकीबाहेर बघू लागला,
त्याचे खांदे हलत होते.

“खाली आहेत,” काका म्हणाले.

बाई वाकल्या. बघितलं. बराच वेळ वाकलेल्याच.
ओढतील असं वाटलं. ओढलं नाही.
“नवी प्रत पाठवा,” म्हणाल्या,
आणि ‘प्राप्त’चा शिक्का मारला,
सरळ बसला, चारही कोपरे उमटले.

परतीच्या बसमध्ये यॉ चिडला.
अकरा महिने, आणि हाती काय?
त्यांचं टेबल दुरुस्त करून आलो, तेही फुकट.
काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले.
कागद आहे, म्हणाले, दबेल.
पावसाळ्यापर्यंत पातळ होईल आणि टेबल पुन्हा हलेल.
बाई तेव्हा काढतील. काढलं की वाचतील.
खरंच? मी विचारलं.
ते घोरत होते.

मांडीवर वही घेऊन मी सातवं पान
आठवणीतून लिहायला घेतलं:
लाकडात ओलावा बारा टक्के, त्याहून जास्त नको.
रस्ता खराब होता.
बाराचा दोन तीनदा गिरवला.