सांडपाणी

सिंक सकाळपासून भरलेलं.
वर तारल्यांची खवलं, चहाचा चोथा,
भाताचं एक शीत
गोल फिरून फिरून दमलेलं.

सोडा टाकला, लिंबू पिळलं,
तीन तपेल्या कढत पाणी ओतलं,
तेही तिथंच बसून राहिलं.

बस्त्याव फोनवर म्हणाला,
"जेवलंय काय इलंयच."
कालही तो जेवतच होता.

मग मीच बसले खाली, बादली लावून.
हातभर तार घातली
तर खोबऱ्याच्या किसाचा काळा गोळा आला.
पाणी जागचं हललं नाही.

परसात गेले.
केळीपाशी पाइपचा जोड उकलला, ओढलं,
आणि आतून दाढी निघाली,
तांबूस, दोन हात लांब.
मुळं. माडाची.

कुंपणाकडचा तो.
शिमग्यात पंप जळला,
मोटर कुडाळला दिलीय, गुणाजी म्हणतो,
मी म्हणते, केव्हा दिलीस?
आम्ही भांडत होतो रोज,
आणि हा काही न बोलता
आमच्या विसळलेल्या पेल्यांच्या मागावर
उभादांड्याच्या पुळणीखालून
एवढा लांब चालत आला.

कोयता घेतला. तोडलं.
आत सिंकनं मोठी ढेकर दिली.

बस्त्याव पाचला उगवला.
वाकून बघितलं, म्हणाला,
"तो जोड सिमेंटान बुजय गे."
बुजवते, म्हटलं.
चहा पिऊन त्यानं स्वतःच कप विसळला.

आठ दिवस झाले.
सिमेंटची पिशवी पडवीत आहे.
जोड बोटभर उघडा.